तुरुंगातील मुलाखत : ठाण्याच्या किल्ल्यापासून कुर्ल्याच्या स्थानकापर्यंत

तुरुंगाशी निगडित असे मराठी वाङ्मय विपुल आहे. लोकमान्य टिळकांची मंडालेहून आलेली पत्रे, सावरकरांची ‘माझी जन्मठेप’, सत्याग्रहाच्या काळातील कितीतरी आठवणी आणि आणीबाणीनंतरची आत्मकथने एवढी जरी डोळ्यांसमोर आणली तरी या सामग्रीचा विस्तार ध्यानात येईल. परंतु हे बहुतेक सर्व लेखन कैद्याने स्वतः केलेले आहे. कोठडी, कोलू, अन्न, शिक्षा, सहबंदी यांचे वर्णन त्यात सविस्तर असते. भेटीस आलेला मनुष्य मात्र त्यात क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो. प्रस्तुत टिपणात त्या क्षणाचा विचार करावयाचा आहे. भेट द्यावी की नाही, किती वेळा द्यावी, याविषयीचे नियम हा या विषयाचा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, भेटीच्या वेळी दोघांच्या जोडीला जो तिसरा मनुष्य उभा असे, त्याने त्या भेटीचे स्वरूप कसे घडविले?

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. ‘मुलाकात’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत आला आणि ‘मुलाखत’ झाला. आज सुशिक्षित मराठी माणूस ‘मुलाखत’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वृत्तपत्रातील प्रश्नोत्तरे किंवा नोकरीसाठीची चाचणी असते. दोन माणसांची गाठ पडणे हा जुना अर्थ तुरुंगाच्या दाराशी मात्र टिकून आहे. तेथे कैदीही ‘मुलाकात आली’ म्हणतो, शिपाईही म्हणतो. कैद्याच्या तोंडी मुलाकात ‘होत’ नाही, ती ‘येते’, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

या विचाराचा आरंभ कुर्ल्यापासून करण्यास कारण आहे. साष्टीतील हे गाव १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निर्माण होईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आणि १९५० साली ते मुंबईच्या महापालिकेच्या हद्दीत आले. म्हणजे कुर्ल्याचे कोर्टकचेरीचे तोंड प्रथम उत्तरेस ठाण्याकडे होते, ते नंतर दक्षिणेस वळले. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली ती कुर्ल्यावरूनच गेली. १९१० साली कुर्ल्यापासून रे रोडपर्यंत बंदराचा फाटा निघाला. आणि १९२५ साली मुंबईतील पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून बंदराच्या मार्गाने कुर्ल्यापर्यंतच धावली. या लोहमार्गांचा आणि तुरुंगांचा नकाशा एकमेकांवर ठेवून पाहिला तर एक गोष्ट सहज दिसते. ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह, भायखळ्याचा तुरुंग, चिंचपोकळीजवळचा १९२६ सालचा आर्थर रोडचा तुरुंग आणि अलीकडचे तळोज्याचे कारागृह या चारही ठिकाणी जाणारी वाट कुर्ल्याच्या फलाटांवरून फुटते. येथील घरातला कोणी आत गेला, तर त्याच्या माणसांना कोणत्या दिशेची गाडी धरावी लागेल हे त्या माणसांच्या हाती नसते. ते न्यायालय आणि कारागृह ठरविते.

यांतील सर्वांत जुने स्थळ ठाण्याचे. तेथील तुरुंग किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधावयास घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला आणि १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेलेला हा किल्ला. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनानंतर बाजीराव पेशव्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यास इंग्रजांनी १८१५ मध्ये ताब्यात घेऊन येथे ठेविले. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते. एतद्देशीय शिपाई फितूर होतील ही भीती त्यामागे होती. १८१६ च्या सप्टेंबरात त्रिंबकजी निसटला. बिशप हेबर याने काही वर्षांनंतर या प्रांतात प्रवास करताना जी हकीकत ऐकून लिहून ठेविली ती अशी : किल्ल्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नोकरीत एक मराठा मोतद्दार होता. तो कैद्याच्या खिडकीखाली घोडा फिरवी, त्यास खरारा करी आणि काम करता करता मराठीतून गाणे म्हणे. बाहेर साथीदार कोठे दबा धरून आहेत आणि घोडा कोठे तयार आहे हे त्या गाण्यात होते. पहारेकऱ्यांनी ते रोज ऐकले. त्यांना ते केवळ गाणे वाटले.

हेबरची हकीकत ऐकीव आहे, आणि घटनेनंतर काही वर्षांनी लिहिलेली आहे. तिच्यातील रंग कथेकऱ्यांनी भरला असण्याचा संभव मोठा आहे. तथापि आपल्या दृष्टीने तिचे मोल कमी होत नाही. जी भेट अधिकृतपणे मिळणे शक्य नव्हते ती येथे डोळ्यांदेखत घडली, कारण पाहणाऱ्यास ऐकता येत होते पण कळत नव्हते. नुसता पहारा पुरेसा नाही, भेटीतला शब्द कळला पाहिजे, हा धडा राज्यकर्त्यांस याहून स्पष्टपणे कोणी दिला नसेल. पुढील काळात हिंदुस्थानातील तुरुंगांच्या नियमांत भेट अधिकाऱ्याच्या ‘दृष्टीच्या आणि कानाच्या टप्प्यात’ व्हावी असे जे सूत्र रुळले, ते ठाण्याच्या प्रसंगातून निघाले असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ते कोणत्या भीतीतून निघाले हे समजण्यास हा प्रसंग फार उपयोगी आहे.

१८९४ च्या तुरुंग कायद्यातील तीन कलमे येथे एकत्र वाचली पाहिजेत. चाळिसावे कलम सांगते की, दिवाणी कैदी आणि ज्यांचा गुन्हा शाबीत झालेला नाही असे फौजदारी कैदी ज्यांच्याशी बोलू इच्छितात, त्यांना योग्य वेळी व योग्य निर्बंधांखाली आत येऊ देण्याची तजवीज करावी. आणि न्यायाच्या हितास बाध न येईल तेथवर कच्च्या कैद्यास आपल्या वकिलाशी तिसरे कोणी हजर नसताना बोलता यावे. एकेचाळिसावे कलम जेलरला आगंतुकाचे नाव व पत्ता विचारण्याचा आणि संशय आल्यास त्याची झडती घेण्याचा अधिकार देते. पण ही झडती कैद्यासमोर किंवा दुसऱ्या आगंतुकासमोर घेऊ नये असेही बजावते. बेचाळिसावे कलम नियमाविरुद्ध कैद्याशी संपर्क साधणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही फर्माविते. त्रिंबकजीचा मोतद्दार या कलमात नेमका सापडला असता.

या कलमांत पक्क्या कैद्याचे, म्हणजे शिक्षा झालेल्याचे, नाव चाळिसाव्या कलमात नाही हे सहज नजरेतून निसटते. त्याची भेट सरकारने करावयाच्या नियमांवर सोडली होती. परिणामी ती वर्तणुकीच्या बक्षिसासारखी झाली : नीट वागलास तर भेट, चुकलास तर भेट बंद. १९३० मध्ये कैद्यांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे वर्ग पडले, तेव्हा वरच्या वर्गाच्या कैद्यास भेटी व पत्रे अधिक वेळा मिळू लागली. वर्ग ठरविताना कैद्याची सामाजिक स्थिती, शिक्षण व राहणी पाहिली जाई. चाळीत राहणाऱ्याची आई त्याला कमी वेळा भेटावी आणि बंगल्यात राहणाऱ्याची अधिक वेळा, असा याचा व्यवहारातील अर्थ होता. या विषमतेचा उल्लेख तुरुंगातील आठवणींत होतो, पण बहुधा अन्नाच्या व अंथरुणाच्या संदर्भात. भेटीच्या संदर्भात तो जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शिक्षा झालेल्या कैद्याची भेट प्रत्यक्षात कशी असे, याचे सर्वांत बारकाईचे मराठी वर्णन सावरकरांचे. १९११ च्या प्रारंभी दोन जन्मठेपींची शिक्षा होऊन ते मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात होते. पत्नी यमुनाबाई व त्यांचे बंधू तेथे भेटीस आले. विलायतेस १९०६ साली निघाल्यापासून पतिपत्नींची गाठ नव्हती. मधल्या काळात त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकर दगावला होता. अशा भेटीत बोलावयाचे काय? सावरकरांच्या कथनातून जे दिसते ते असे की, त्यांनी आधी स्वतःच्या चेहऱ्याची तयारी केली. कैद्याचा पोशाख आणि बेड्या पाहून समोरचे माणूस खचेल, म्हणून बदलले आहेत ते केवळ कपडे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी आरंभ केला; नंतर चिमण्याकावळ्यांच्या घरट्यांचा दाखला देऊन संसार या शब्दाचा व्यापक अर्थ पत्नीस सांगितला. या भाषणातील ध्येयवादाची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे दुसरी बाजू पाहावयाची आहे. गजाआडचा मनुष्य भेटीत धीर घेत नाही, धीर देतो. भेट हे त्याच्यावरचे एक काम होऊन बसते. बाहेरचा मनुष्यही तेच करीत असतो. घरी सर्व क्षेम आहे असे तो सांगतो, आणि आत सर्व क्षेम आहे असे हा सांगतो. दोघांनाही ते खरे नाही हे ठाऊक असते. मधे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यामुळे हे खोटे बोलणे सोपे होते, असेही म्हणता येईल : खरे न बोलण्यास त्याची उपस्थिती हे एक सभ्य निमित्त असते.

अंदमानात हा प्रसंग पुन्हा यावयास १९१९ साल उजाडले. बाबाराव व विनायकराव हे दोघे बंधू तेथील एकाच तुरुंगात होते. त्यांच्या भेटीची परवानगी मिळविण्यासाठी बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि परवानगी हाती येण्यापूर्वी त्या वारल्या. भेटीस गेले ते धाकटे बंधू नारायणराव आणि यमुनाबाई. परवानगी मिळावयास लागणारा काळ हा कागदावर एक तारीख व दुसरी तारीख यांमधील अंतर असतो. येसूवहिनींच्या बाबतीत ते अंतर एका आयुष्याच्या शेवटाहून लांब ठरले.

टिळकांच्या बाबतीतही असेच घडले, फक्त बाजू उलट. १९०८ च्या शिक्षेनंतर त्यांना मंडालेस ठेविले. पुण्याहून मंडालेपर्यंत समुद्रप्रवास करून भेटीस जाणे हे एखाद्या धडधाकट पुरुष आप्तालाच शक्य होते, आणि भाचे धोंडोपंत विद्वांस ते करीत. त्या भेटींतील बोलणे अपील, घरचा व्यवहार, पुस्तके यांभोवती फिरे. एवढ्या दुरून मिळालेला थोडा वेळ कामाच्या गोष्टींतच संपावा हे स्वाभाविक होते. सत्यभामाबाई मधुमेहाने आजारी होत्या. त्यांना मंडालेस जाता आले नाही. १९१२ च्या जूनमध्ये त्या गेल्या आणि टिळकांना ते तारेने कळले. ‘गीतारहस्य’ कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले याची चर्चा करताना अभ्यासक मंडालेच्या उन्हाळ्याचा आणि कोठडीच्या लाकडी भिंतींचा उल्लेख करतात. सहा वर्षांत घरातील स्त्री एकदाही समोर आली नाही, हाही त्या परिस्थितीचाच भाग आहे.

अंदमान आणि मंडाले ही शिक्षा भोगणाऱ्यांची स्थळे. परंतु अंतर हे कच्च्या कैद्यावरही कसे वापरता येते हे मीरत खटल्याने दाखविले. १९२९ च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगार चळवळीतील डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी आदी पुढारी पकडले गेले आणि चौदाशेहून अधिक किलोमीटर दूर मीरतेस नेले गेले. तेथे खटला भरण्यामागे ज्यूरी टाळण्याचा हेतू होता हे सर्वश्रुत आहे. निकाल लागावयास १९३३ चा जानेवारी उजाडला. या सर्व काळात ते कायद्याने कच्चे कैदी होते, म्हणजे चाळिसाव्या कलमाची सवलत त्यांना पुरेपूर लागू होती. ती त्यांच्या वकिलांस उपयोगी पडली. कुर्ला, परळ, लालबाग येथील ज्या कामगारांसाठी ते लढले त्यांच्यापैकी कोणास, किंवा आरोपींच्या घरच्या बायकामुलांस, आगगाडीचे दोन दिवसांचे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसून ती सवलत किती वेळा वापरता आली असेल? येथे कोणी भेट नाकारली नव्हती. भेटीची जागा हलविली होती. हा भेद धोरणाच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे, आणि केवळ नियमपुस्तके चाळणाऱ्या अभ्यासकाच्या तो हाती लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रसंग येरवड्याचा आहे. १९३२ च्या सप्टेंबरात गांधींनी जातीय निवाड्याविरुद्ध उपोषण मांडले आणि सरकारने भेटींवरील निर्बंध जवळजवळ उठविले. कस्तुरबांना साबरमतीच्या तुरुंगातून येरवड्यास आणण्यात आले. तुरुंगाच्या आवारातील आंब्याच्या झाडाखाली खाट, आणि तिच्याभोवती देशातील पुढारी. २२ सप्टेंबरला डॉ. आंबेडकर तेथे आले. ही मुलाखत तुरुंगातील मुलाखतीच्या सर्व व्याख्या मोडते. सामान्यतः बाहेरचा मनुष्य मुक्त असतो आणि आतला बद्ध. येथे आतल्या माणसाच्या प्राणांचे ओझे बाहेरून आलेल्याच्या डोक्यावर होते. कोणाची बाजू अडचणीची होती हे गजांवरून ठरत नव्हते. दोन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, पुणे करार झाला. त्याच्या परिणामांची चर्चा येथे कर्तव्य नाही. मात्र एक लक्षात ठेवावे : सरकारला जेव्हा भेट हवी होती तेव्हा वेळ, संख्या, जागा यांचे सर्व नियम एका दिवसात शिथिल होऊ शकले.

स्वातंत्र्यानंतर मुलाखतीकडे कृपा म्हणून न पाहता हक्क म्हणून पाहण्याची वाट न्यायालयांनी दाखविली, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा आर्थर रोडच्या तुरुंगात आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते तेथे भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध होते. त्यांनी तेथे ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित पत्नीकडे प्रकाशनासाठी पाठवू द्यावे ही त्यांची मागणी सरकारने नाकारली. उच्च न्यायालयाने ती मान्य केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या सप्टेंबरात सरकारचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या आदेशात ज्यास स्पष्ट मनाई नाही ते स्थानबद्धास करता येते, असा या निकालाचा आशय. तोवरची समजूत नेमकी उलट होती : जे दिले ते मिळते, बाकीचे नाही. एका अणुविषयक पुस्तकाने ही समजूत हलविली यात गंमत आहेच. पण ते पुस्तक पत्नीच्या हाती पोचावे म्हणून हा सर्व खटाटोप झाला हे अधिक ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आणीबाणीत ही वाट बंद झाली. १९७६ च्या एप्रिलमधील निकालाने स्थानबद्धास न्यायालयात दादच राहिली नाही. त्यानंतर १९८१ च्या जानेवारीत फ्रान्सिस कोरली मुलिन हिच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे म्हटले ते या विषयातील सर्वांत मोठे वळण होय. ही परदेशी स्त्री दिल्लीच्या तिहार तुरुंगात स्थानबद्ध होती. तिच्या लहान मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येई आणि वकिलाच्या भेटीस सीमाशुल्क अधिकारी हजर राही. घरच्या माणसांना व वकिलाला भेटणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि महिन्यातील एक भेट अपुरी ठरविली. वकिलाच्या भेटीविषयी निकालात एक बारीक पण मोलाची अट आहे : अधिकाऱ्याने हवे तर पाहावे, परंतु ऐकू येईल इतके जवळ उभे राहू नये. दृष्टी आणि कान यांची जी जोडी जुन्या नियमांनी बांधली होती ती येथे वकिलापुरती सुटली. आप्तांच्या भेटीत मात्र तिसरा कान राहिला.

म्हणून कुर्ल्याच्या माणसाची आजची मुलाखत समजून घ्यावयाची तर दोन भिन्न जागा विचारात घ्याव्या लागतात. एक, तुरुंगातील खिडकी. ओळखपत्र, नोंद, पाळीची वाट आणि मग काही मिनिटे. मध्ये जाळी, किंवा काच आणि दूरध्वनीचा पोंगा. अनेक कैदी व अनेक कुटुंबे एकाच वेळी बोलत असतात, त्यामुळे प्रत्येकजण ओरडतो आणि खासगी असे काही उरत नाही. दुसरी जागा म्हणजे कुर्ल्याचे दंडाधिकारी न्यायालय. ‘तारीख’ पडली की कच्च्या कैद्याचे आप्त तेथे जमतात. कायद्याच्या पुस्तकात ही मुलाखत नाही, तिला वेळ नेमलेली नाही आणि तिची नोंदही होत नाही. पण गाडीतून उतरताना, जिन्यावर, दारातून आत नेताना माणूस पूर्ण उंचीचा, जाळीशिवाय दिसतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, हे पाहता मुलाखतीच्या इतिहासकाराने तुरुंगाच्या दाराइतकेच न्यायालयाच्या जिन्यावर लक्ष दिले पाहिजे. आरोपीस न्यायालयात न आणता पडद्यावरून हजर करण्याची पद्धत रूढ होऊ लागली, तेव्हा वेळ आणि पहारा यांची बचत झाली हे खरे. त्याबरोबर जिन्यावरची ही भेटही गेली. सोयीच्या या हिशेबात तिची वजावट कोणी मांडलेली दिसत नाही, आणि मांडणार तरी कशी, जमेच्या बाजूस ती कधी नव्हतीच.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे प्रत्यक्ष मुलाखती थांबल्या आणि पडद्यावरच्या भेटींचा विस्तार झाला. दूरच्या कुटुंबास यामुळे लाभ झाला यात संशय नाही. मंडालेच्या काळी अशी सोय असती तर सत्यभामाबाईंना पतीचा चेहरा दिसला असता. दुसरीकडे, महाराष्ट्रातील कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा जो उपक्रम गेल्या दशकात सुरू झाला, त्यात कैद्यास आपल्या मुलांना जाळीशिवाय जवळ घेता येते. दोन्ही सुधारणा एकाच दशकातल्या, पण त्यांची दिशा परस्परविरुद्ध आहे. एक भेटीतून देह वजा करते, दुसरी देहालाच भेट मानते. एकीच्या वाढीची सबब सांगून दुसरीचा संकोच होऊ नये, एवढे येथे नोंदवावेसे वाटते.

शेवटी साधनांविषयी. सावरकर, टिळक, गांधी यांच्या मुलाखती आपल्याला माहीत आहेत, कारण त्या लिहिल्या गेल्या. स्वदेशी मिलमधील एखाद्या कामगाराची आई ठाण्यास किंवा आर्थर रोडला गेली आणि परत आली, तर तिने ते कोठे लिहिले नाही. परंतु एकेचाळिसाव्या कलमाप्रमाणे जेलर तिचे नाव व पत्ता विचारी. ही नावे ज्या नोंदवह्यांत उतरत गेली त्यांकडे आजवर सुरक्षेचे साधन म्हणूनच पाहिले गेले आहे. मुंबई व उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या सामाजिक इतिहासावर काम करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्या मिळतील तेथे पाहाव्यात. कोण आले, किती दिवसांनी आले, कोणत्या गावाहून वा चाळीतून आले, आणि कोणाचे येणे कधी थांबले, हे त्या वह्यांतील रकान्यांवरूनच कळणार आहे.